कणीक लावलेली गिटार

आमच्या घरात ती गिटार आली तीच मुळी शिव्या खात आली. लेकीला बारावीनंतर गिटार हवी होती म्हणून आमचे हे पुण्याच्या जुन्या बाजारातून एक उचलून घेऊन आले. यांचा धंदा मंडपाचा आणि स्पीकरचा. आमचं गाव वरवे बुद्रुक, पण नसरापूर, भोर, पार वेल्ह्याकडच्या वाड्यांपर्यंत लग्न असो नाहीतर वास्तुशांती, यांचा टेम्पो जाणार. त्यामुळे वाजणाऱ्या वस्तूतलं आपल्याला सगळं कळतं अशी यांची पक्की समजूत. पिशवीतून बाहेर काढली तर ही भली थोरली, पोटात घागर मावेल एवढी गिटार, आणि तारा चारच. त्याही सुतळीसारख्या जाड. हे म्हणाले, "दोन तुटल्यात वाटतं. टाकून घेऊ."

लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. "पप्पा, ही बेस गिटार आहे. हिला चारच तारा असतात. हिच्यावर गाणं वाजत नाही, गाण्याच्या खालचा सूर वाजतो."

"खालचा म्हंजे कुठला?" यांनी विचारलं. ती रुसून आत गेली. पुढं ती शिकायला आणि मग नोकरीला पुण्याला राहिली, आणि गिटार माळ्यावर मंडपाच्या पडद्यांत गुंडाळून पडली.

मी तेव्हा गात होते. हे मुद्दाम सांगते, कारण आता दुसरं कोणी सांगत नाही. गावातलं महिला भजनी मंडळ मी उभं केलं असं म्हटलं तर चार बायका नाक मुरडतील, मुरडू देत. चाली मी बसवल्या, बायकांना टाळ धरायला मी शिकवलं, आणि काळी चारच्या पट्टीत मी तोंड उघडलं की देवळाबाहेर चपला काढणारी बाई आत यायच्या आधीच ताल धरायची. मग गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. झालं. आता बोलते ती घोगरी, आणि वरचा सा लावायला गेले की पंक्चर ट्यूबसारखा नुसता वारा येतो.

जी गाते तीच पेटी धरते, हा आमच्या मंडळाचा रिवाज. तोही मीच पाडलेला. त्यामुळे आवाज गेला तशी माझी पेटी गेली, पेटीबरोबर पुढची जागा गेली, आणि दोन्ही धाकट्या जाऊबाईंच्या मांडीवर जाऊन बसलं. कानामागून आली न् तिखट झाली म्हणतात ते असं. तशी पोर वाईट नाही, हे मला कबूल करावंच लागतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. ती लगेच म्हणाली, "ताई, तुमी टाळ घ्या ना. मागं भिंतीला टेकून बसा निवांत." मागं, म्हणजे जिथं नव्यानं आलेल्या सुना बसतात तिथं. मी बसले. टाळ वाजवत मी दुसऱ्या बाईच्या तोंडून माझ्या चाली ऐकल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.

लग्नसराई संपल्यावर पडदे धुवायला काढले तेव्हा गिटार खाली आली. पडदा सोडवताना माझा अंगठा सगळ्यात जाड तारेला लागला. कानाला फारसं काही ऐकू आलं नाही, पण लाकूड माझ्या पोटाला टेकलेलं होतं आणि तो आवाज पोटात गेला. मी पडदे तिथंच टाकले आणि पुन्हा वाजवली. माझा आवाज जिथं संपायचा त्याच्या कितीतरी खाली होता तो, पण सूर होता. गाणं वाजत नाही तर न वाजो, गाण्याच्या खालचा सूर तर वाजतो. मला तेवढं पुरे होतं. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं, मी ढसाढसा रडले.

सूर मला शिकायचे नव्हतेच. पेटीवरचे सूर तारेवर कुठं लपलेत तेवढं शोधायचं होतं. हे टेम्पो घेऊन गेले की दुपारी मी दार लावून बसायची. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. भाकरी भाजताना तवा हाताला लागला तरी कळेना. चांगलं बसल्यावर एक दिवस गिटार घेऊन मी देवळात गेले. बायका फिदीफिदी हसल्या. एकजण म्हणाली, "आता काय पँट घालून येनार का काय?" मी म्हणलं, "तू आण, घालते."

हसले नाहीत ते फक्त पखवाजवाले आबा. आबा मूळचे हिर्डोशीकडचे, उतारवयात लेकाकडं वरव्यात येऊन राहिलेले. आमच्यात पखवाज वाजवणारी बाई नाही, म्हणून तेच बसतात. त्यांनी डोळे मिटून एक अभंग ऐकला आणि म्हणाले, "सूर बराबर हाय बाई. पर ह्या टाळांच्या रगाड्यात त्यो ऐकू कुनाला येनार?"

खरंच होतं. पेटी, पखवाज, दहा-बारा जोड टाळ. त्यात माझी गिटार म्हणजे लग्नाच्या पंगतीत पुटपुटणारी म्हातारी. वाजते, पण मलाच. मग पुढचा सगळा माझा खटाटोप एवढ्याचसाठी, की ती दुसऱ्या कोणालातरी ऐकू यावी.

पहिल्यांदा यांचाच माईक गिटारीच्या भोकासमोर उभा केला. आवाज आला म्हणता म्हणता स्पीकरमधून असं काही घुमायला लागलं की बायकांनी कानांत बोटं घातली. स्पीकरचा आवाज गिटारीच्या पोटात शिरायचा, पोटातून माईकात, माईकातून पुन्हा स्पीकरमध्ये. हे धावत आले आणि माईक उचलून घेतला. "इज्जत काढतीस का माझी? उद्या लोक म्हनतील ह्याचे स्पीकर बोंबलत्यात."

मी लेकीला फोन लावला. तिला हवी ती गिटार मिळाली नव्हती ती नव्हतीच, पण त्यातलं तिला माहीत होतं. तिनं सांगितलं, "आई, माईक नको. पिकअप लाव. तो हवेतला आवाज घेत नाही, थेट लाकडातला नाहीतर तारेतला घेतो." तीन तऱ्हा तिनं समजावल्या. एक म्हणजे रुपयाएवढी पितळी चकती, ती लाकडावर चिकटवायची. दुसरा लोहचुंबकाचा पट्टा, तो तारांखाली भोकावर आडवा बसवायचा. आणि तिसरी बारीक पट्टी, ती तारा ज्या हाडाच्या तुकड्यावर टेकतात त्या हाडाच्या खाली घालायची. तिसरी सगळ्यात चांगली, पण तिच्यासाठी गिटारीला भोक पाडावं लागतं. मी म्हणलं, भोक नको बाई, चकतीच धाड.

चकती आली. चिकटवायची कशानं? लेक म्हणाली दुहेरी टेप लाव. लावली तर आवाज असा आला, जसं कोणी पत्र्याच्या डब्यावर नखं मारतंय. मी आबांना दाखवलं. आबांनी पखवाजाच्या डाव्या अंगाकडं बोट केलं. पखवाजाच्या डाव्या पुडीच्या कातड्याला वाजवायच्या आधी भिजवलेली कणीक लावतात, तेव्हा तो घुमतो. वाजवून झालं की खरवडून काढतात. आबांचं म्हणणं असं, की घुमारा पाहिजे तर कणकेला पर्याय नाही, मग तो पखवाज असो का गिटार. त्यांनी माझ्याच घरची कणीक मळली, चिमटीत दाबून पाहिली. "घट बी न्हाई, सैल बी न्हाई. कानाच्या पाळीवानी मऊ." तिचा पेढा करून चकतीखाली दाबला.

देवाशपथ सांगते, आवाज असा आला की आबासुद्धा "व्वा" म्हणाले. नखांचा खडखडाट गेला, गोल, भरलेला सूर आला. मला वाटलं, जिंकलं आपण. शहरातले लोक काय काय विकत आणून लावत असतील, आमचं काम चिमूटभर कणकेत झालं.

कशात काय अन् फाटक्यात पाय. पखवाजाची कणीक तासाभरात खरवडून टाकायची असते, हे मला आणि आबांना दोघांनाही माहीत होतं, तरी आम्ही ती गिटारीवर तशीच ठेवली. पालीला राजगडाच्या पायथ्याशी एका घरी सत्यनारायण होता, ऐन उन्हाळ्यात. दुसऱ्या अभंगाला कणीक वाळली, तडकली आणि चकती सुटून माझ्या पदरात पडली. स्पीकरमधून असा धडाका झाला की मांडवाखालचं कुत्रं पळून गेलं. घरी आल्यावर मी पुन्हा ताजी लावली आणि गिटार कोपऱ्यात उभी केली. सकाळी बघते तर उंदरानं कणीक खाल्लेली, वायर तोडलेली, वर लाकडाची कडही कुरतडलेली. हे कधी नव्हे ते पोट धरून हसले. "गिटारीला निवद दावलास, उंदीर यायचाच!" तेवढ्यापुरती मीही हसले.

मग चुंबकाचा पट्टा मागवला. तो बसवायला सोपा, पण त्याची तऱ्हाच वेगळी. जाड तार बदाबदा वाजायची आणि बारीक तार मुकी, एका डोळ्यानं बघणाऱ्या माणसासारखं. वर यांचा जनरेटर सुरू झाला की तो पट्टा माझ्या तारा सोडून जनरेटरचीच भुणभुण ऐकवायचा. एक-दोन कार्यक्रम कसेबसे काढले आणि तोही काढून ठेवला.

आता भोक पाडण्यावाचून इलाज नव्हता. गिटार गोधडीत गुंडाळून एसटीनं भोरला गेले. तिथं बाजारपेठेच्या गल्लीत पेट्या दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, आमच्या मंडळाची पेटी त्यांच्याकडंच जायची. त्यांनी गिटार उलटीपालटी करून पाहिली, उंदरानं खाल्लेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वहिनी, विचार करून सांगा. एकदा भोक पाडलं की ते परत बुजत न्हाई. पेटीची पट्टी बदलता येती, ह्याचं पोट बदलता येनार न्हाई."

मी म्हणलं, "पाडा." माझ्या गळ्याला चीर दिली तेव्हा मला नुसतं सांगितलं होतं, असं विचारलं कोणी नव्हतं, हे काही मी बोलले नाही.

चाचांनी पट्टी हाडाखाली बसवली, बाजूला भोक पाडून वायरीची जागा केली, आत चौकोनी बॅटरीची डबी बसवली. मी चालीचा एक तुकडा वाजवून पाहिला तेव्हा चारही तारा सारख्या आल्या. घुमू नये म्हणून गिटारीचं मोठं भोक बुजवायला पाहिजे, असं लेकीनं बजावलं होतं. मी जुन्या चपलेचा रबराचा तळ कापून गोल केला होता, पण धाकट्या जाऊबाईंनी तो पाहिला आणि ती किंचाळली, "अगं बाई, देवीम्होरं चप्पल?" चूक तिची नव्हती. शेवटी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण बसवलं. नेमकं बसलं.

आणि मग सुरू झालं. यांनी प्रत्येकाच्या आवाजाला वेगळं बटण असलेल्या मिक्सरपासून वायर ओढून दिली, मी गिटारीत घातली, अंगठ्यानं पहिली तार छेडली आणि मांडवाच्या टोकाला टेबलामागं बसलेल्या यांच्याकडं बघितलं. यांनी अंगठा वर केला. म्हणजे येतोय आवाज, वाजव. त्या दिवसापासून प्रत्येक कार्यक्रमात मी बघायची आणि हे अंगठा दाखवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांनी मला एवढ्या वेळा चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. स्पीकर लोकांकडं तोंड करून असतात आणि आम्ही त्यांच्या मागं बसतो, त्यामुळे आम्हाला आमचं नीट ऐकू येतच नाही. मला माझं पोटात ऐकू यायचं. लाकूड थरथरायचं, ते बरगड्यांत चढायचं. मला वाटायचं हेच सगळ्या मांडवात भरलंय.

दोन नवरात्रं अशी गेली. मागच्या भिंतीपासून मी पुढं सरकले, आबांच्या शेजारी. गावोगावच्या बायका प्रसाद घेताना जवळ यायच्या. "गिटार लई छान वाजवता हां तुमी." "आमच्या हितं असं कुनीच वाजवत न्हाई." कोणी फोटो काढायचं. मी घोगऱ्या आवाजात थोडंच बोलायची, पण घरी जाताना टेम्पोत पुढं बसून मनातल्या मनात सगळा कार्यक्रम पुन्हा वाजवायची. मला माझा आवाज परत मिळाला होता, असं मी कोणाजवळ बोलले नाही, पण मला तसंच वाटत होतं.

पालीच्या एका बाईंनी आमच्या भजनाचं मोबाईलवर शूटिंग केलं होतं, समोर लोकांत बसून. त्यांनी ते पाठवलं. लेक सुट्टीला आली होती, तिनं हेडफोन कानात लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "आई, ह्यात तू कुठंयस?"

"ही काय, आबांच्या बाजूला. दिसत न्हाई व्हय?"

"दिसतेयस गं. ऐकू येत नाहीयेस."

मी म्हणलं, मोबाईलच्या एवढ्याशा जीवात तो जाड आवाज मावणार कुठून. ती म्हणाली, पखवाजाची डावी बाजू येतेय की, चांगली धबाधबा. तिनं ते हेडफोन माझ्या कानात घातले. जाऊबाईंचा गळा आला, पेटी आली, टाळ आले, आबांचा घुमारा आला, एका पोराचा खोकलासुद्धा आला. माझी बोटं हलताना दिसत होती.

तरी माझा विश्वास बसेना. बॅटरी गेली असेल, वायर तुटली असेल. नवी बॅटरी घातली, वायर बदलली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. नसरापूरला एका वास्तुशांतीला आम्ही गेलो तेव्हा मी ठरवून गेले. यांनी अंगठा दाखवला. अभंग सुरू झाला आणि मी वाजवायला घेतलं ते सगळं चुकीचं. सा असेल तिथं भलताच सूर, ताल मोडून, जीव तोडून बेसूर. सबंध अभंग मी तसा वाजवला. कोणी मान वळवली नाही. जाऊबाईंचा सूर हलला नाही. लोकांतली एक बाई ताल धरून डोलत होती ती डोलतच राहिली. संपल्यावर एका आजींनी माझ्या हनुवटीला हात लावून बोटांचा मुका घेतला. "बया, कसली ग्वाड वाजिवती गं गिटार!"

टेम्पो दारात लागला, स्पीकरचे डबे उतरले, यांनी हातपाय धुतले. मग मी विचारलं, "माझं बटन कवापासून बंद हाय?"

हे पंच्यानं तोंड पुसत राहिले. मी परत विचारलं तेव्हा म्हणाले, "पयल्यापासूनच."

"पयल्यापासून म्हंजे?"

"भोरवरनं आनलीस ना, त्या पयल्या कार्यक्रमाला जरा उघडलं होतं. माझे डबे डीजेचे, त्यात तुझा आवाज असा काय भरला, की बायकांचे शब्द कळंनात. यजमान येऊन म्हनला, हे घूं घूं काय हाय? मी खाली घेतलं. मग कुनी विचारलंच न्हाई, गिटार कुठं गेली म्हनून. एका मानसानं विचारलं न्हाई. म्हनलं, चाललंय ते बरं चाललंय."

"आन् अंगठा?"

हे माझ्याकडं बघेनात. "आपरेशननंतर तू कशी बसायचीस ते म्या बघितलंय. भिंतीकडं तोंड करून. गिटार आल्यावर जरा मानसात आलीस. म्हनलं वाजवू दे. तुझं मन राखलं."

मन राखलं! मला यांनी मारलं असतं तर चाललं असतं. मी काय रडू नये म्हणून तोंडात चोखणी दिलेलं तान्हं पोर होते? मी माझी बोटं, माझ्या दुपारी, सगळं त्या चार तारांवर घातलं, गिटारीला कायमचं भोक पाडून घेतलं, आणि हा माणूस लांब बसून अंगठा दाखवत होता. तेही दयेनं. दया आपल्याच घरातून आली की तिला काय नाव ठेवावं ते मला अजून सुचलेलं नाही. मी म्हणलं, "तुमी धंद्यात गिऱ्हाईकालासुदीक असं फसवत न्हाई." हे म्हणाले, "गिऱ्हाईक रडत न्हाई." त्यावर मी बरेच दिवस यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायची आणि आत जायची.

नवरात्र जवळ आलं तेव्हा मीच तोंड उघडलं. "औंदा माझं बटन उघडायचं. पुरतं. न्हाईतर मी येत न्हाई, आन् का येत न्हाई ते सगळ्या बायकांना सांगीन." हे म्हणाले, "उघडतो. मग मला बोल लावायचा न्हाई." पहिल्यासारखं धबाबा होऊ नये म्हणून दुपारी देवळात कोणी नसताना आम्ही दोघांनी आवाज लावून पाहिला. यांनी मोठे डबे काढून लहान ठेवले, कुठलं कुठलं बटण फिरवलं. खोटं बोलणार नाही, मनापासून केलं. मी समोर, जिथं लोक बसतात तिथं जाऊन बसले आणि हे खुळ्यासारखे माझी एक एक तार छेडत राहिले. आवाज स्वच्छ होता. माझ्या पायाखालच्या फरशीतून आला. पहिल्यांदाच मी तो माझ्या पोटाच्या बाहेर ऐकला.

संध्याकाळच्या आरतीआधी आमचं भजन. देऊळ बायकांनी भरलेलं. मी आबांच्या शेजारी बसले, वायर घातली, यांच्याकडं बघितलं. यांनी अंगठा दाखवला नाही. नुसतं बटण वर सरकवलं, मला दिसेल असं.

जाऊबाईंनी सूर धरला आणि मी खालून सा दिला. सगळ्या देवळात आला. सुरात होता, अगदी सुरात, माझ्याच बसवलेल्या चालीला माझाच पाया. पुढं बसलेल्या बायका इकडंतिकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "जनरेटर लागलाय काय?" दुसरीनं पदर डोक्यावर ओढला. आबांनी पखवाज थांबवून डाव्या पुडीला अजून थोडी कणीक लावली. त्यांना वाटलं त्यांचाच पखवाज बिघडला. ज्या आबांना माझा सूर बराबर वाटला होता ते आबा! मी वाजवत राहिले. दुसऱ्या कडव्याला जाऊबाईंचा सूर डगमगला. तिनं पेटीवरचा हात उचलला आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. तोंडावर राग नव्हता. खरोखरच काळजी होती.

"ताई, आज तुमच्या गिटारीला काय झालंय वो? बरं न्हाई का तुमाला? रोजच्यासारखं वाजवा ना."

मी यांच्याकडं बघितलं. यांचा हात बटणावर होता. यांनी भुवया उचलल्या. खाली घेऊ का, असं पहिल्यांदाच मला विचारून. मागच्या बायका कुजबुजत होत्या. मला एकदा वाटलं ओरडून सांगावं, की रोजचं म्हणजे काय ते विचारा ह्यांना. पण ओरडायला गळा कुठं होता. मी खाली वाकले आणि माझ्याच हातानं गिटारीतली वायर उपसून काढली. स्पीकरमध्ये एकदा टप्प झालं आणि सगळं शांत झालं. वायर मी मांडीखाली सारली. जाऊबाईंनी पुन्हा सूर धरला, मी तारांवर बोटं ठेवली आणि तेच सगळं, एकही सूर न चुकता, पहिल्यापासून वाजवलं.

"हां, आत्ता कसं ग्वाड लागतंय!" पुढच्या रांगेतली बाई म्हणाली. सगळ्या ताल धरायला लागल्या. हे टेबलामागं खाली मान घालून बसले होते.

आरतीनंतर प्रसाद वाटताना दोन बायका, भोरकडून आलेल्या, माझ्याजवळ आल्या. एकीनं श्रीखंडाच्या झाकणाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "गिटार लई छान वाजवता हां तुमी. मधी जरा काहीतरी बिघाड झाला होता, पर नंतर काय सुरेख!"

"व्हय," मी म्हणलं. "रोज हेच वाजवते."